बोटीने येऊ नको

हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा वास आला की मी अजून दोन पावलं मागे सरते. खरं तर मला अशा वासांची सवय असायला हवी. माझे वडील परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत. संध्याकाळी ते भोईवाड्यातल्या आमच्या खोलीत शिरतात तेव्हा फिनेल, स्पिरिट आणि आणखी कशाकशाचा वास त्यांच्याबरोबर आत येतो. लोकांच्या ओकाऱ्या पुसणं, बेडपॅन उचलणं, हे त्यांचं काम. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "पप्पा, तुम्हाला किळस नाही येत?"

ते म्हणाले, "आली तर काम होत नाही. म्हणून येऊ देत नाही."

तेव्हापासून किळस ही माणसाने आवरायची गोष्ट आहे, असंच मी धरून चालले होते. गेल्या हिवाळ्यात मला ती आवरता आली नाही. त्याबद्दल लिहायचं आहे. नीट जमेल का, माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वर्गातल्या एकीने सांगितलं, की प्रभादेवीच्या एका ऑफिसला मराठी आणि इंग्रजी दोन्ही बऱ्यापैकी बोलणारी मुलगी हवी आहे. रविवारचं काम. दादरहून पाहुण्यांना बसने उत्तरेकडे एका नदीपर्यंत न्यायचं, तिथून बोटीने जंगलात जायचं, काठावरच्या आदिवासी पाड्यांवर उतरायचं, घरं दाखवायची आणि पाहुणे जे विचारतील ते त्या माणसांना आणि ती जे सांगतील ते पाहुण्यांना सांगायचं. मला 'संवादक' म्हणायचे. हा शब्द मला फार आवडला होता. आईने तो आमच्या मजल्यावर सगळ्यांना सांगितला, फक्त ती 'संवादिका' म्हणायची.

ऑफिसचे सर दादरचेच. खादीचा कुर्ता, मऊ बोलणं. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. प्रत्येक बोटीत ते एक वाक्य हमखास म्हणायचे, "आपण यांना बघायला जात नाही, भेटायला जातो." मला हे पटायचं. मी ते इंग्रजीत सांगताना माझा आवाजसुद्धा थोडा भरून यायचा.

बोट चालवणारे काका त्या नदीकाठच्याच गावचे. ते मला चिडवायचे. "काय मॅडम, आज काय दाखवणार? जंगलात वाघ उरला नाय, मग माणसं दाखवायची, नाय का?" मी हसायचे. वयस्कर माणसं असं बोलतातच, असं समजायचे.

काठ जवळ आला की काका भोंगा वाजवायचे. तो वाजला की पाड्यावर पळापळ व्हायची. सोलरच्या पाटीवर ताडाचे झाप टाकायचे, प्लास्टिकच्या खुर्च्या घरामागे न्यायच्या, गाऊनवर असलेल्या बायकांनी आत जाऊन गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसून यायचं. सरांनी तसं बसवून दिलं होतं. मला आधी यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडेही कुणी येणार असलं की आई पलंगावर धुतलेली चादर टाकतेच.

एक सूचना मात्र माझ्या तोंडून सरळ निघायची नाही. "पाड्यावर कृपया काही खाऊ-पिऊ नका. बाटलीबंद पाणी बोटीत आहे." यात चुकीचं काय, असं कुणीही म्हणेल. शहरातल्या माणसाचं पोट बिघडतं. पण आम्ही बौद्ध. आमच्या घरात पाण्याची गोष्ट मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही. माझे पणजोबा गिरणीत होते. त्यांना कापड विणायच्या साचेखात्यात घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की तो धागा मला माझ्याच ओठांवर जाणवायचा. त्यामुळे ती सूचना देताना मी पाहुण्यांकडे न बघता नदीकडे बघायचे.

पाड्यावरचं पाणीही मी बघितलं होतं. समोर एवढी नदी, पण तिचं पाणी गढूळ, वर बोटीच्या डिझेलचा तवंग. म्हणून बायका काठाच्या वाळूत हाताने खड्डा खणतात. त्याला डवरा म्हणतात. त्यात वाळूतून पाणी झिरपत राहतं. ते निवळलं की करवंटीने थोडं थोडं उचलून कळशीत ओतायचं. एक कळशी भरायला अर्धी सकाळ जाते. त्याच नदीवर वर कुठेतरी धरण आहे. काका म्हणायचे, "तुमच्या नळाला जातं ते पाणी."

शेवटच्या घरातल्या बाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांची मुलगी माझ्याहून थोडी लहान. दहावी झालेली, शिवणकाम येणारी, कमी बोलणारी. बोट आली की तिला जात्यावर बसवायचे. ते जातं वर्षानुवर्षं कुणी वापरलं नव्हतं. कधी मूठभर तांदूळ टाकायचे, कधी नुसतंच फिरवायचे. तिचा असाच एक व्हिडिओ कुणी पाहुण्याने टाकला होता आणि तो फिरत फिरत, तिची सोयरीक जिथे ठरत होती त्या घरापर्यंत गेला. ते लोक परत आलेच नाहीत. "बोटवाल्यांची पोरगी नको," असा निरोप आला.

हे मला मावशीने ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी म्हणाली, "आता दुसरं घर आलंय. माणसं चांगली हायेत. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्याला बोट आणू नको गं. ते पाणी घ्यायला यायचेत."

"पाणी घ्यायला म्हणजे?"

"पोरगी डवऱ्याचं पाणी भरती, अंगणात असल त्याला देती. पावण्यांनी घेतलं म्हंजे झालं. सोयरीक पक्की."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर उठायचं नि जायचं." ती हसली. मग म्हणाली, "अंगणात असल त्या समद्यांना द्यावं लागतं. वाटसरू असला तरी. एकानं जरी सांडलं तरी बरं नाय. म्हणून सांगते, त्या दिवशी नको."

मी म्हटलं, "मावशी, मी सांगते सरांना. तुम्ही निश्चिंत राहा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर प्रभादेवीला गेले. सरांनी मला समोर बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते पुढे सरकून ऐकत होते. "पाण्याची रीत? हे मला माहीतच नव्हतं. किती सुंदर आहे." त्यांनी बारीकसारीक विचारलं. पाणी कोण भरतं, आधी कुणाला देतात, गाणी असतात का. मीही उत्साहाने सांगत गेले. त्या ऑफिसात मला इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तू काळजी करू नकोस."

घरी येऊन मी आईला म्हटलं, "सर फार समजूतदार आहेत."

आई सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग बोट नाय नेणार म्हणाले?"

"काळजी करू नको म्हणाले."

"ते वेगळं," आई म्हणाली.

सोयरिकीच्या रविवारी नेहमीसारखं बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या पाड्यावर जायचं असेल. नदीवर पाडे पुष्कळ आहेत. बोट सुटली. सरांनी माइक हातात घेतला. "आज आपण भाग्यवान आहोत," ते म्हणाले, "एका आदिवासी कन्येची सोयरीक आपण प्रत्यक्ष अनुभवणार आहोत. अगदी घरच्यासारखी." मग तेच इंग्रजीत. माझी गरजच पडली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या लिननच्या कपड्यातल्या एका बाईंनी कॅमेऱ्यावाल्या नवऱ्याला बॅटरी तपासायला सांगितली.

मी सरांजवळ गेले.

"सर, त्यांनी येऊ नका सांगितलं होतं."

"अगं, ते संकोचाने म्हणतात. गेलं की आनंदच होतो त्यांना."

"सर, एक सोयरीक आधीच मोडली आहे. ही पण मोडेल."

"काही मोडत नाही. आपण कोपऱ्यात उभे राहू." मग माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "आणि हे तुझ्यामुळे शक्य झालंय. मी पाहुण्यांना तसं सांगणारही आहे."

कुणी आपल्या तोंडातला चावलेला घास काढून माझ्या तोंडात घालावा, तसं मला झालं. मी कठड्याला धरून उभी राहिले. काकांनी वळून बघितलं. त्या दिवशी त्यांनी काही चिडवलं नाही.

काठाशी भोंगा वाजला. पण या वेळी कुणी पळालं नाही. सोलरची पाटी उन्हात तशीच चमकत होती. अंगणात जुन्या साड्यांचा मांडव होता, खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलाकडची माणसं बसली होती. मुलाचा मामा, मुलाची आई, आणखी दोघे-तिघे. घराची पुढची भिंत गेरूने नुकती सारवलेली. खालचा पट्टा अजून ओला होता. लग्न ज्या दारात लागतं, तिथल्या भिंतीवर लग्नाचं चित्र काढतात. मुलगी पोपटी साडीत, केसांना चमकीची क्लिप. मावशीने आधी बोट बघितली, मग मला. रागाने नाही. मला वाटलं, तिला आधी नीट दिसलंच नसावं.

पाहुणे कोपऱ्यात राहिले नाहीत. ते अंगणभर पसरले. कॅमेऱ्यावाले गृहस्थ आडवे झोपून मुलीच्या पायांचे फोटो काढू लागले. लिननवाल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "ही साडी सिंथेटिक आहे ना? ती खरा पोशाख कधी घालणार?"

मुलगी कळशी घेऊन आली. बरोबर स्टीलचे पेले. रीतीप्रमाणे अंगणाच्या कडेपासून सुरुवात, आणि कडेला उभे होते आमचे पाहुणे. तिने पहिला पेला एका गृहस्थाला दिला. त्यांनी हसून घेतला, दोन्ही हातांवर ओतला, हात चोळले आणि पेला परत दिला. "थँक्यू." मग त्यांनी खिशातली बाटली काढली आणि वर सॅनिटायझरही लावलं. बाटली पुढच्याकडे गेली. अंगणभर तो वास पसरला. लिननवाल्या बाईंनी पेला हातात धरून फोटो काढून घेतला आणि पाणी आंब्याच्या बुंध्यात सोडलं, अगदी हळू, कुणाला दिसू नये म्हणून. सगळ्यांना दिसलं.

एका जोडप्याबरोबर छोटा मुलगा होता. त्याला खरंच तहान लागली असावी. त्याने पेला तोंडाला लावला, तेवढ्यात त्याच्या आईने त्याच्या हातावर फटका मारला. "छी! घाण आहे ते!"

हे ती मराठीत बोलली. मला काही भाषांतर करावं लागलं नाही.

मुलाचा मामा उठला. "चला रे. आपुन पाणी घ्यायला आलो व्हतो, तमाशात उभं राहायला नाय."

मुलगी कळशी धरून तिथेच थांबली. कळशी तिरकी झाली होती, तेही तिला कळत नव्हतं. मावशीने माझ्याकडे बघितलं. या वेळी नीट.

इतके रविवार मी या माणसांना पाहुण्यांचे प्रश्न सांगत आले होते. जातं फिरवा, उंदीर खाता का, रात्री भीती वाटत नाही का. पाहुण्यांना काय सांगायचं, ते मी या माणसांना कधी विचारलं नव्हतं. मी तिच्याजवळ गेले. "मावशी, यांना काय सांगू?"

तिने मुलीच्या हातातली कळशी सरळ केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांग. जो पाणी घेईल तो पावणा. तो बसल. नाय घेईल त्यानं अंगण सोडावं."

मी तेवढंच इंग्रजीत सांगितलं. मग मराठीतही. 'कृपया' जोडलं नाही.

"उकळलेलं आहे का?" लिननवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"फिल्टरचं?"

"वाळूतलं."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. एक गृहस्थ म्हणाले, त्यांना सध्या घशाचा त्रास आहे. दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं. त्या छोट्याला त्याच्या आईने दंडाला धरून आधीच चालवलं होतं. एकेक करून सगळे बोटीकडे निघाले. मला वाटलं होतं, निदान एखादा तरी पिईल. जंगल बघायला, माणसांना भेटायला, अस्सल काही अनुभवायला आलेली माणसं होती ती. पेलाभर पाण्यापुढे कुणी टिकलं नाही.

सर राहिले. हळू आवाजात म्हणाले, "हे तू बरोबर करत नाहीयेस."

मी मुलीकडून पेला घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. "सर, घ्या."

त्यांनी पेल्यात बघितलं. तळाशी वाळूचे कण होते. त्यांचा चेहरा मी अगदी जवळून बघत होते. नाकपुडीजवळ एक सुरकुती पडते ना, ती पडली आणि लगेच त्यांनी ती पुसून टाकली. "माझं पोट जरा नाजूक आहे गं," ते म्हणाले आणि चिखल लागू नये म्हणून पायजमा वर धरून उतारावरून गेले.

ते पाणी मी प्यायले. गार होतं. दातांखाली वाळू करकरली. मुलीने न विचारता पेला पुन्हा भरला. तोही प्यायले.

बोटीचा भोंगा वाजत राहिला. शेवटी काका वर आले. "मॅडम, सर बोलावतात." मग कळशीकडे बघून म्हणाले, "मला पण दे गं पोरी. ते बाटलीतलं पिऊन तोंड मेलंय." पिऊन झाल्यावर मिशा पुसत मला म्हणाले, "येताय?"

"नाही."

"बरं. सांगतो, पावणी झाली म्हणून."

बोट गेली. मामा अजून उभाच होता. "उद्या आमची सून माहेरी आली, तर तिला पण बोटीतनं बघायला येतील काय ही माणसं?" त्याने विचारलं. मी जमिनीवरच्या ओल्या डागांकडे बघत बसले. वाया गेलेलं पाणी मातीत अजून दिसत होतं.

मग मुलाची आई उठली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. तिने मुलीच्या हातून पेला घेतला. "पोरीनं काय केलंय?" ती भावाला म्हणाली आणि प्यायली. मामाने तिच्याकडे बघितलं, डोकं हलवलं आणि तोही प्यायला. पण पेला खाली ठेवताना म्हणाला, "लगीन आमच्या दारात व्हईल, समदंच्या समदं. इथं नाय. ह्या अंगणातनं नदी दिसते."

मावशी "बरं" म्हणाली. तिने भिंतीकडे बघितलं नाही. मी बघितलं.

दुपारी तिने मला जंगलातल्या वरच्या वाटेने रस्त्यापर्यंत सोडलं. आम्ही एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. "तुझं काम गेलं का गं?" एवढंच तिने विचारलं. मला वाटलं, गेलंच असणार.

पण काम गेलं नव्हतं, हेच तर जास्त घाण आहे. चार-पाच दिवसांनी सरांचा फोन आला. आवाज तसाच मऊ. पाहुणे आधी थोडे नाराज होते म्हणाले, पण नंतर बसमध्ये सगळे त्याच प्रसंगाबद्दल बोलत होते. "फार प्रभावी झालं ते. आपण ते कायमचं ठेवू या. पाण्याचा स्वीकार. कळशीत आपण सीलबंद बाटल्यांचं पाणी ओतून ठेवू, म्हणजे कुणाला धास्ती नको. निवेदन तूच कर. तुझ्या आवाजात ते खरं वाटतं."

मी फोन बंद केला. पप्पा नुकतेच ड्युटीवरून आले होते, बशीतून चहा पीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "ते माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत. तरी मला त्यांची किळस येते. तुम्ही म्हणता ती आवरायची."

"आजाऱ्याची आवरायची," पप्पा म्हणाले. "धडधाकट माणसाची कशाला?"

मी पुन्हा गेले नाही. प्रभादेवीवरून बस जाते तेव्हा अजून मान दुसरीकडे वळते.

मावशीचा फोन लग्नाच्या आधी आला. मुलीच्या सासरचा पाडा कुठे आहे ते सांगितलं, नक्की ये म्हणाली. मी विचारलं, तुमच्या भिंतीचं काय झालं? ती म्हणाली, तशीच आहे, कोरी. बोट अजून येते. बोटवाल्यांना भिंतीचा रंग आवडतो. तिच्यापुढे उभे राहून ते एकमेकांचे फोटो काढतात.

"तू ये," ती म्हणाली. "पण बोटीनं येऊ नको. वरच्या वाटेनं ये. मी रस्त्यावर घ्यायला येईन."